पहिला टेक टॉक: विषय सापडण्यापासून प्रश्नोत्तरांपर्यंत

पायकॉन इंडिया ही पायथन या प्रोग्रामिंग भाषेची परिषद २००९ साली बंगळुरूत सुरू झाली. २०११ मध्ये ती पुण्यात भरली, पुढे दिल्ली, हैदराबाद, चेन्नई अशी फिरत राहिली. ही परिषद भरवणारी मंडळी स्वयंसेवक असतात आणि व्यासपीठावर उभे राहणारे बहुतेक जण सोमवारी परत कामावर जाऊन तुमच्या-माझ्यासारखाच कोड लिहितात. ब्रसेल्सच्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेचंही तसंच आहे. तिथे तर तिकीटही नाही आणि नोंदणीही नाही, विद्यापीठाच्या आवारात जायचं आणि हव्या त्या खोलीत बसायचं. तरीही अशा ठिकाणी टॉक (म्हणजे छोटं व्याख्यान) द्यायचा म्हणजे आपण तज्ज्ञ असायला हवं, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. दोन-तीन वर्षं चांगलं काम केलेली कितीतरी मुलंमुली त्यापायी प्रपोजलच पाठवत नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं.

व्यवहारी टॉकला लागतं ते एवढंच: तुम्हाला कामात आलेली एक अडचण, तिचं कारण आणि त्यावर निघालेला मार्ग. ऐकणाऱ्याला तो मार्ग आपल्या कोडमध्ये करून पाहता आला पाहिजे. हा लेख अशा टॉकची तयारी पहिल्यापासून कशी करायची, त्याबद्दल आहे. उदाहरणं पायथनची आहेत, पण रुबी, गो किंवा जावास्क्रिप्टच्या परिषदेलाही हेच लागू पडेल.

पायरी १: कुठला प्रकार झेपेल ते ठरवा

परिषदेत फक्त अर्ध्या तासाचे टॉक नसतात. काही तासांची वर्कशॉप असतात. पोस्टर लावून त्याच्याजवळ उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचं, अशीही सोय असते. ओपन स्पेसमध्ये आपला विषय फळ्यावर लिहायचा आणि जमतील तेवढ्यांनी गोल करून बसायचं. आणि असतात लाइटनिंग टॉक, पायकॉनमध्ये पाच मिनिटांचे. त्यांची नोंदणी बहुतेक वेळा तिथल्या तिथे होते आणि वेळ संपली की टाळ्या वाजवून वक्त्याला थांबवलं जातं.

अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी लाइटनिंग टॉक द्यावा, असं माझं मत आहे. पाच मिनिटांत एकच मुद्दा मावतो, त्यामुळे तो नेमका करण्याची सवय आपोआप लागते. वर्कशॉप मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका. चाळीस लॅपटॉपवर चाळीस तऱ्हेची इन्स्टॉलेशन असतात आणि ती सांभाळता सांभाळता विषय बाजूला पडतो.

पायरी २: विषय लहान करा, मग आणखी लहान करा

नवख्यांच्या प्रपोजलमध्ये सर्वांत जास्त दिसणारं शीर्षक म्हणजे ‘अमुकची ओळख’. पायथनची ओळख, डॉकरची ओळख, मशीन लर्निंगची ओळख. अशा टॉकमध्ये अडचण ही, की ते सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये आधीच असतं, आणि तुमच्याऐवजी दुसरं कोणी उभं राहिलं तरी टॉकमध्ये काही फरक पडत नाही.

विषय शोधायला गेल्या वर्षभरातल्या आपल्याच कमिट (कोडमध्ये नोंदवलेले बदल), बंद केलेली तिकिटं (संपवलेल्या कामांच्या नोंदी) आणि सहकाऱ्यांना चॅटवर लांबलचक समजावून सांगितलेले मेसेज चाळा. जे दोन वेगवेगळ्या लोकांना समजावून सांगावं लागलं, त्यात टॉक आहे असं समजा.

एक उदाहरण धरून पुढे जाऊ. समजा तुम्ही मराठी नावांचा डेटा असलेल्या एका ॲप्लिकेशनवर काम करता आणि शोध नीट चालत नाही. ‘कऱ्हाडे’ टाइप केलं की काही नोंदी सापडतात, काही सापडत नाहीत, आणि स्क्रीनवर सगळी नावं हुबेहूब सारखी दिसतात. ‘पायथन आणि युनिकोड’ (युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) हा विषय इथे फार मोठा होईल. ‘मराठी मजकूर हाताळताना येणाऱ्या अडचणी’ हाही मोठाच. ‘दिसायला सारखी असलेली दोन मराठी नावं कॉम्प्युटरला वेगळी का वाटतात’ हा अर्ध्या तासाचा विषय आहे.

या टॉकचं पोट किती भरलेलं आहे पाहा. पायथन ३ मध्ये स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, ही युनिकोड कोड पॉइंटची (चिन्हांच्या क्रमांकांची) रांग. ‘मराठी’ या शब्दाची लांबी लेन फंक्शनला विचारली तर उत्तर येतं ५, कारण म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी हे पाच वेगळे कोड पॉइंट आहेत. आपण वाचताना मात्र तीन अक्षरं वाचतो. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे क्रमांक बाइटमध्ये लिहिण्याच्या एका रीतीने, साठवला की तोच शब्द १५ बाइट घेतो. शब्द उलटा केला तर वेलांटी सर्वांत पुढे येते आणि धरायला अक्षर नसल्यामुळे तुटक वर्तुळावर लटकते. सभागृहातल्या प्रत्येकाला हे डोळ्यांनी दिसतं. इथपर्यंत तीन मिनिटं.

मग मूळ अडचण. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं: एकच कोड पॉइंट म्हणून, किंवा साधा र आणि त्याला जोडलेला नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असे दोन. त्यामुळे ‘कऱ्हाडे’ची लांबी कधी ७ येते, कधी ८. दोन्ही नावं छापली की एकसारखी दिसतात आणि तुलना केली की उत्तर येतं ‘फॉल्स’. उपाय पायथनबरोबरच येतो: युनिकोडडेटा मॉड्युलमधलं नॉर्मलाइज फंक्शन. वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं एकाच रूपात आणणं म्हणजे नॉर्मलायझेशन, आणि एनएफसी ही त्याची एक पद्धत. एनएफसी पद्धतीने दोन्ही नावं एका रूपात आणली की दोन्हींची लांबी ७ होते आणि तुलना खरी ठरते. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर आवृत्ती १३ पासून तिथेही असंच फंक्शन आहे, म्हणजे जुन्या नोंदी दुरुस्त करायला सगळा डेटा पायथनमध्ये ओढून आणावा लागत नाही.

एवढं सांगितलंत तर ऐकणारा घरी जाऊन आपला डेटा तपासेल. मल्याळम, बंगाली, व्हिएतनामी मजकूर हाताळणाऱ्यालाही याचा उपयोग होईल, कारण नॉर्मलायझेशन प्रत्येकालाच लागतं.

पायरी ३: प्रपोजल लिहा, तेही मुदतीच्या आधी

परिषदेच्या काही महिने आधी सीएफपी उघडते, म्हणजे प्रपोजल मागवली जातात. फॉर्ममध्ये साधारणपणे शीर्षक, थोडक्यात वर्णन, सविस्तर आराखडा, श्रोत्याला आधी काय माहीत असावं आणि टॉकनंतर त्याला काय जमेल, एवढं विचारतात. अनेक परिषदांत पहिल्या फेरीत वक्त्याचं नाव झाकलेलं असतं. त्यामुळे तुमचं पद आणि कंपनी तिथे कामाला येत नाहीत. तुम्ही जे लिहाल तेवढंच रिव्ह्यूअरसमोर असतं. नव्या माणसासाठी यासारखी चांगली गोष्ट नाही.

वर्णनात पहिल्याच वाक्यात अडचण सांगा. वरच्या उदाहरणाचं वर्णन असं लिहिता येईल:

‘तुमच्या डेटाबेसमध्ये एकच नाव दोनदा आहे, दोन्हीकडे सारखं दिसतं, पण शोधलं की एकच सापडतं. भारतीय भाषांतला मजकूर साठवणाऱ्या कुठल्याही प्रणालीत हे होऊ शकतं. या टॉकमध्ये ‘कऱ्हाडे’ हे एक नाव घेऊन त्याचे कोड पॉइंट उघडून पाहू, नॉर्मलायझेशनने ते एकसारखं करू आणि आधीच साठलेला डेटा कसा दुरुस्त करायचा ते पाहू. पायथनमधल्या स्ट्रिंग माहीत असल्या की पुरे. युनिकोडची माहिती असण्याची गरज नाही.’

यात ‘क्रांतिकारी’, ‘सखोल’, ‘जादू’ असले शब्द नाहीत आणि त्यांची गरजही नाही. रिव्ह्यूअर एका बैठकीत ढीगभर प्रपोजल वाचतो. त्याला हवं असतं ते हे की या माणसाने काम केलेलं आहे आणि अर्ध्या तासात काय सांगायचं ते याला ठाऊक आहे.

आराखड्यात प्रत्येक भागापुढे मिनिटं लिहा. आधीचे टॉक नसतील तर घरी मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ करून त्याची लिंक द्या. फॉर्मवर शंका विचारली गेली तर लगेच उत्तर द्या. मुदत संपायच्या रात्री पाठवलेल्या प्रपोजलला हा संवाद मिळत नाही, आणि खरी सुधारणा याच संवादात होते. आपल्या कंपनीचं प्रॉडक्ट मध्ये आणू नका. श्रोत्यांनी स्वतःचा शनिवार-रविवार दिलेला असतो आणि त्यांना जाहिरात लगेच ओळखू येते.

प्रपोजल नाकारलं गेलं तर कारण विचारा, मिळेल ते टिपून ठेवा आणि तेच प्रपोजल सुधारून दुसरीकडे पाठवा. जागा थोड्या आणि प्रपोजल पुष्कळ, हा हिशेब दरवर्षीचाच.

पायरी ४: आधी बोला, स्लाइड नंतर

स्लाइडपासून सुरुवात केली की टॉक स्लाइडच्या आकाराचा होतो. त्याऐवजी एका सहकाऱ्याला चहाला घेऊन जा आणि विषय कागदाशिवाय समजावून सांगा. तो कुठे ‘थांब, परत सांग’ म्हणाला ते लक्षात ठेवा. तिथे उदाहरण कमी पडतंय.

तीस मिनिटांचा स्लॉट असेल तर पंचवीस मिनिटांचं बोलणं तयार करा, उरलेली पाच प्रश्नांना. आपल्या उदाहरणात पहिली तीन मिनिटं अडचण दाखवण्यात जातील, सात मिनिटं कोड पॉइंट उघडण्यात, आठ मिनिटं नॉर्मलायझेशनच्या डेमोला, पाच मिनिटं जुना डेटा दुरुस्त करण्याला आणि उरलेली दोन कुठेतरी सांडणारच आहेत. स्वतःची ओळख एका वाक्यात उरका. शाळा, कॉलेज, आवडी असल्या स्लाइडवर गेलेला वेळ पुढे डेमोला कमी पडतो.

स्लाइडवर कोड असेल तर दहा-बारा ओळींपेक्षा जास्त नको, आणि अक्षर इतकं मोठं हवं की शेवटच्या रांगेतून वाचता यावं. लॅपटॉपपासून बारा-पंधरा फूट लांब उभं राहून पाहा, लगेच कळतं. काळ्या पार्श्वभूमीवर करड्या अक्षरांतला कोड आपल्या स्क्रीनवर छान दिसतो, पण उजेड असलेल्या सभागृहात प्रोजेक्टरवर तो जवळजवळ दिसेनासा होतो. पांढऱ्यावर काळं, हेच बरं. देवनागरी मजकूर असेल तर स्लाइडची पीडीएफ बनवून ठेवा, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर फाँट नसला तरी जोडाक्षरं फुटणार नाहीत.

पायरी ५: डेमो इंटरनेटशिवाय चालला पाहिजे

शेकडो डेव्हलपर एकाच वायफायवर असतात. ‘आता हे पॅकेज इन्स्टॉल करू’ असं स्टेजवर म्हणणं म्हणजे टॉक नेटवर्कच्या हवाली करणं. लागेल ते सगळं आधीच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनच्या पॅकेजसाठीच्या वेगळ्या जागेत) बसवा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि डेमो पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून पाहा.

कमांड स्टेजवर टाइप करत बसू नका. बोटं थरथरतात आणि लोक तुमचा मुद्दा सोडून टायपिंगच्या चुका बघत राहतात. ज्युपिटर नोटबुकमध्ये सेल (कोडचे छोटे तुकडे) तयार ठेवा आणि एकेक चालवा. आपल्या उदाहरणात नोटबुक वापरायला आणखी एक पक्कं कारण आहे: पुष्कळ टर्मिनलमध्ये देवनागरीचे काने-मात्रा आणि जोडाक्षरं नीट बसत नाहीत. ‘दोन नावं हुबेहूब सारखी दिसतात’ हे दाखवायचं असताना टर्मिनलने दोन्ही वाकडी दाखवली, तर मुद्दाच गेला. नोटबुक ब्राउझरमध्ये चालतं आणि ब्राउझर देवनागरी व्यवस्थित दाखवतो.

प्रत्येक सेल चालवण्याआधी सभागृहाला विचारा: उत्तर काय येईल? ‘मराठी’ची लांबी किती? कोणी तीन म्हणेल, कोणी पाच, एखादा पंधरा. तिघांचंही बरोबर आहे, फक्त प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजलेली आहे. मग सेल चालवा. स्वतः अंदाज केलेला असला की उत्तर माणसाच्या लक्षात राहतं.

शेवटचा उपाय म्हणून डेमोचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. लॅपटॉपने दगा दिला तर व्हिडिओ लावून बोलता येतं.

पायरी ६: तालीम मीटअपमध्ये करा

आरशासमोर केलेल्या तालमीत प्रश्न येत नाहीत. पुण्यात पायथन पुणे आणि फॉस युनायटेडसारख्या गटांचे मीटअप होत असतात. तिथल्या आयोजकांना वक्ते हवेच असतात. वीस-पंचवीस माणसांसमोर टॉक एकदा झाला की कुठे वेळ जास्त गेला, कुठे लोकांचा हात मोबाइलकडे गेला, ते समजतं. नागपूर, कोल्हापूर किंवा नाशिकला राहत असाल आणि जवळ मीटअप नसेल, तर आपल्या जुन्या कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागाला विचारा. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कळलं तर टॉक तयार आहे, असं खुशाल समजा.

आता भाषेबद्दल. अखिल भारतीय परिषदेत बहुतेक टॉक इंग्रजीत होतात, आणि मराठी माध्यमात शिकलेल्या अनेकांचं पाऊल तिथेच अडखळतं. माझं सांगणं असं: पहिली तालीम मराठीतच करा. विषय मराठीत खळखळून सांगता येऊ लागला की मग इंग्रजीत आणा, लहान वाक्यांत. वाक्यं पाठ करू नका. एक वाक्य विसरलं की पुढची सगळी निसटतात. प्रत्येक स्लाइडसाठी दोन-तीन शब्दांची खूण पुरते. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या श्रोत्यांना सावकाश, साधं इंग्रजी जास्त कळतं, आणि तुमचा मराठी ढंग कुणालाही आडवा येत नाही. स्थानिक मीटअपमध्ये तर मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून बोललेलंच चालतं.

पायरी ७: टॉकचा दिवस

आपल्या आधीच्या सत्राला त्याच खोलीत जाऊन बसा. माइक कुठला आहे, स्क्रीन किती मोठी आहे, मागे आवाज पोचतो का, सगळं पाहून होतं. एचडीएमआयचा ॲडॅप्टर स्वतःचा न्या. नोटिफिकेशन बंद करा, चॅटच्या खिडक्या बंद करा, बॅटरी सेव्हर बंद करा. स्लाइडची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. वेळ दाखवणारा स्वयंसेवक कुठे बसणार आहे ते त्याला विचारून घ्या.

पहिली दोन वाक्यं मात्र तोंडपाठ हवीत. छाती धडधडत असते ती पहिल्या मिनिटात, आणि ती दोन वाक्यं तेवढा वेळ निभावून नेतात. वेळ कमी पडू लागला तर भरभर बोलू नका, एक भाग गाळा. कुठला भाग गाळायचा ते आधीच ठरवून ठेवलेलं असावं. आपल्या उदाहरणात जुना डेटा दुरुस्त करण्याचा भाग गाळून त्याची लिंक देता येईल.

पायरी ८: प्रश्न

माइक नसेल तर प्रश्न आधी मोठ्याने परत सांगा. मागच्यांना तो ऐकू येतो, रेकॉर्डिंगमध्ये येतो आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो.

न येणाऱ्या प्रश्नाची भीती सगळ्यांनाच असते. आपल्याच टॉकमध्ये येऊ शकणारा एक प्रश्न घ्या: ‘ऱ्ह’ लिहायची तिसरीही रीत आहे, साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं, न दिसणारं चिन्ह). एनएफसीने तेही सुटतं का? नाही सुटत. एनएफसी जॉइनरला हात लावत नाही, त्यासाठी आपला वेगळा नियम लिहावा लागतो. हे आधीच शोधून ठेवलं असेल तर उत्तम. नसेल तर ‘हे मी तपासलेलं नाही, आज तपासून रेपोमध्ये लिहितो’ (रेपो म्हणजे टॉकचा कोड ठेवलेली ऑनलाइन जागा) असं सरळ सांगा आणि तसं करा. तिथल्या तिथे अंदाजाने ठोकून दिलेलं उत्तर कोणीतरी खरं समजून आपल्या कोडमध्ये वापरतो.

प्रश्न न विचारता स्वतःचाच टॉक सुरू करणारे एक-दोन जण प्रत्येक परिषदेत असतात. ‘आपण बाहेर नक्की बोलू’ म्हणून पुढच्या हाताकडे वळा. त्यात अनादर काही नाही, मागे रांगेत थांबलेल्यांची वेळ तुम्ही सांभाळत असता.

पायरी ९: टॉक झाल्यावर

खोलीबाहेर दहा-पंधरा मिनिटं थांबा. सर्वांसमोर हात वर न करणारे तिथे येऊन बोलतात, आणि पुष्कळदा सर्वांत उपयोगी प्रश्न त्यांचेच असतात. त्याच दिवशी स्लाइड आणि नोटबुक रेपोमध्ये टाका आणि शेवटच्या स्लाइडवर दिलेली लिंक चालते ना ते बघा. परिषदेचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर यायला वेळ लागतो, ते आलं की त्याचीही लिंक तिथेच जोडा.

शक्य असेल तर डेव्ह स्प्रिंटला, म्हणजे एकत्र बसून प्रोजेक्टवर काम करायच्या सत्राला, थांबा. तिथे प्रोजेक्ट सांभाळणारे लोक नव्या माणसांना शेजारी बसवून पहिला पॅच (कोडमधला छोटा बदल) करायला मदत करतात. तुमच्या टॉकमध्ये दोन-तीन जणांनी एकच गोष्ट न कळल्याचं सांगितलं असेल, तर बहुतेक वेळा ती डॉक्युमेंटेशनमध्येही नीट लिहिलेली नसते. ते पान उघडा, चार ओळी आणि एक देवनागरी उदाहरण घाला, आणि संध्याकाळच्या आत पुल रिक्वेस्ट (हा बदल स्वीकारा, अशी विनंती) पाठवा.